झाडाला आपल्या खोकल्याशी काय देणंघेणं?

वनौषधींवर व्याख्यान कुठेही असो, शेवटी येणारे प्रश्न ठरलेले असतात. अमुक काढा किती दिवस घ्यायचा, साखरेवर कुठला पाला चांगला, गोळी बंद केली तर चालेल का. अशा वेळी एखादं शाळकरी पोर मध्येच विचारतं, "पण झाडात औषध येतंच कशाला? त्याला थोडाच खोकला होतो?" मोठी माणसं हसतात आणि प्रश्न तिथेच राहतो. वास्तविक सगळ्यांत नेमका प्रश्न हाच. त्याचं उत्तर हाती लागलं, की काढा किती, कोणाला आणि कधी, हे विचारायची रीतच बदलते. म्हणून या प्रकरणाची सुरुवात तिथूनच करू.

१. पळता न येणाऱ्याची हत्यारं

कोकणात आणि देशावर अडुळसा कुंपणाला लावतात. बाभळीच्या काट्यांतून पाला ओरबाडणारी शेळी अडुळशाला तोंड लावत नाही, हे त्याचं एक कारण. पान चावून पाहिलं तर शेळीचं म्हणणं लगेच पटतं. कडवटपणा जिभेच्या मुळाशी बराच वेळ ठाण मांडून बसतो.

झाडाला पळता येत नाही. अळी अंगावर चढली तर झटकता येत नाही, बुरशी लागली तर खाजवता येत नाही. त्याच्या हाती उरतं ते रसायन. वाढीसाठी लागणारी साखर, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ सगळीच झाडं बनवतात. त्याशिवाय वनस्पतींच्या प्रत्येक कुळात काही खास रसायनं तयार होतात, आणि त्यांतली पुष्कळशी राखणीसाठी असतात. काही मधमाश्यांना बोलावतात, काही कडक उन्हापासून पान वाचवतात. शास्त्रज्ञांनी या सगळ्यांना 'दुय्यम चयापचयातले पदार्थ' असं नाव दिलं आहे. आपण त्यांना राखणीची रसायनं म्हणू.

पण अळीसाठी बनवलेलं रसायन माणसावर का चालतं? अळी आणि माणूस बाहेरून कितीही वेगळे असले, तरी आतली व्यवस्था बरीचशी एकाच घराण्यातली. मज्जातंतू एकमेकांना निरोप देतात ते मोजक्याच रसायनांमार्फत, आणि त्यांतली कित्येक दोघांत सामायिक आहेत. पेशी फुटून दोन होताना लागणारी अवजारंही जवळपास तीच. त्यामुळे कीटकाचा मज्जातंतू बिघडवणारं रसायन आपल्याही मज्जातंतूला हात घालतं. फरक आकाराचा आणि मात्रेचा. चहा-कॉफीतलं कॅफिन कीटकांना विषारी ठरतं. आपण मात्र त्याच्यावर सकाळी डोळे उघडतो. असा बेताचा परिणाम हव्या त्या जागी आणि हवा तेवढाच घडवून आणता आला, की त्या विषाला आपण औषध म्हणतो.

२. जिभेला आणि नाकाला कळणारं रसायनशास्त्र

ही रसायनं हजारोंनी आहेत. सामान्य वाचकाला त्यांचे तीन-चार गट माहीत असले तरी पुष्कळ झालं, आणि ते ओळखण्याचं काम जीभ आणि नाक बऱ्यापैकी करतात.

कडू चव पुष्कळदा अल्कलॉइडची असते. यांच्या रेणूत नायट्रोजन असतो, आणि मज्जासंस्थेवर परिणाम करण्यात ती पटाईत असतात. अडुळशातलं वासिसिन, सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन, अफूतलं मॉर्फिन ही या गटातली मातब्बर मंडळी. मात्र प्रत्येक कडू चीज या गटातली नसते. कडुनिंबाचा कडूपणा वेगळ्याच कुळातल्या, नायट्रोजन नसलेल्या रेणूंमुळे येतो.

वास असला की समजावं, उडून जाणारं तेल आहे. ओव्यातला थायमॉल, पुदिन्यातला मेंथॉल, तुळशीत आणि लवंगेत सापडणारा युजेनॉल. ही तेलं वाफेबरोबर निघून जातात. तुळशीचा काढा उघड्या पातेल्यात तासभर खळखळ उकळला तर घरभर दरवळ सुटतो आणि पातेल्यात राहतं ते बहुतेक नुसतं हिरवट पाणी. झाकण ठेवा, थोडाच वेळ उकळा. ओवा तर नुसता चावून खाल्लेलाच बरा.

तुरट चव टॅनिनची. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरून ठेवतं. हिरडा चघळला की तोंडाला कोरड पडल्यासारखी वाटते, कारण लाळेतली प्रथिनंच त्यात अडकतात. बाभळीच्या सालीने हिरड्या आवळल्या जातात, त्यामागचं कारणही हेच. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली कुटुंबं बाळहिरडा गोळा करून विकतात, तो औषधात जातो. त्याच झाडाचं पूर्ण वाढलेलं फळ कातडी कमावण्यासाठीही वापरतात. कातडं कमावणं म्हणजे तरी काय, चामड्यातल्या प्रथिनांना टॅनिनने बांधून टाकणं.

चौथा गट साखरेच्या रेणूला जोडलेल्या रसायनांचा, ग्लायकोसाइडचा. त्यातली काही थेट हृदयावर काम करतात. दारातल्या कण्हेरीत ती भरपूर आहेत, म्हणून कण्हेरीचा कुठलाही भाग घरगुती औषध म्हणून पोटात घेऊ नये. हा विषय इथेच संपला.

३. हळदीचा डाग

आता एकच रसायन जवळून पाहू. चमचाभर हळद जखम पुसायच्या स्पिरिटमध्ये ढवळा आणि गाळ खाली बसू द्या. वरच्या पिवळ्याधमक अर्कात पांढऱ्या कागदाची पट्टी बुडवून वाळवा. तिच्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की पट्टी तिथे तांबडीलाल होते. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो तो याच कारणाने, आणि हळदीपासून कुंकू बनवण्याची जुनी पद्धतही याच गुणावर उभी आहे. रंग बदलणारा हा पदार्थ म्हणजे कुरकुमिन. हळदीतून तो वेगळा काढण्याचा पहिला प्रयोग 1815 मध्ये झाला. चांगल्या हळदीतही त्याचं प्रमाण साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतं.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट दिसते. हळद स्पिरिटमध्ये रंग सोडते, तेलात आणि तुपात सोडते, पाण्यात मात्र नुसती गढूळ होऊन तळाशी बसते. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्यातून ते रक्तात फारसं उतरत नाही, आणि जे थोडंफार उतरतं त्याची यकृत झटपट विल्हेवाट लावतं. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये निरोगी माणसांना 2 ग्रॅम कुरकुमिनबरोबर मिरीतलं 20 मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तेव्हा रक्तात पोचणारं कुरकुमिन सुमारे वीसपटीने वाढलं. पायपरिन यकृताचा हात थोडा वेळ धरून ठेवतं. पण ते फक्त कुरकुमिनच्याच बाबतीत असं करतं असं नाही. तुम्ही घेत असलेल्या दुसऱ्या एखाद्या औषधाची विल्हेवाटही त्यामुळे रेंगाळू शकते. कुरकुमिन-मिरीच्या महागड्या कॅप्सूलवर ही ओळ ठळक अक्षरांत छापायला हवी.

हळदीची एक वेगळीच लढाई कागदावर लढली गेली. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मार्च 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. तेव्हा रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं, आणि हा उपयोग आमच्याकडे पूर्वीपासून ठाऊक होता याचे छापील पुरावे मांडले. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. त्या निकालाबद्दल आपल्याकडे एक गैरसमज रूढ आहे. हळद गुणकारी असल्याचं तिथे सिद्ध झालं नाही. ही कल्पना नवी नाही, एवढंच सिद्ध झालं. गुणाचा प्रश्न वेगळा, आणि त्यावर माझं मत सांगायचं तर कापल्या-खरचटल्यावर हळद दाबणं समजण्यासारखं आहे, पण कर्करोगापासून विस्मरणापर्यंत सगळ्यावर एक कॅप्सूल ही दुकानदारी आहे. कुरकुमिनवर ढीगभर चाचण्या होऊनही आधुनिक वैद्यकात एकाही मोठ्या आजारावरचं प्रस्थापित औषध म्हणून त्याला जागा मिळालेली नाही.

४. अडुळशाचा नातू

अडुळशाच्या वासिसिनची गोष्ट याच्या उलट आहे. गाजावाजा कमी, काम जास्त. वासिसिनने श्वासनलिका सैल होतात. त्याच्या रेणूचा सांगाडा समोर ठेवून रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत ब्रोमहेक्झिन तयार केलं, जे चिकट कफ पातळ करतं आणि 1960च्या दशकात बाजारात आलं. पुढे लक्षात आलं, की शरीरात गेल्यावर ब्रोमहेक्झिनचं रूपांतर अँब्रोक्सॉलमध्ये होतं. मग तेही स्वतंत्र औषध झालं. घरातल्या खोकल्याच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. यांतलं एखादं नाव सापडण्याची बरीच शक्यता आहे. झाडपाल्यावर विश्वास नाही म्हणणारा माणूससुद्धा अडुळशाचा नातू चमच्याने पीत असतो.

इथे एक सूचना. वासिसिन गर्भाशयाचं आकुंचनही घडवतं. म्हणून गरोदर बाईला अडुळशाचा रस किंवा काढा देऊ नये. "घरातलंच तर आहे" हे उत्तर इथे चालत नाही.

५. सर्पगंधेची मुळी आणि परळचं रुग्णालय

सर्पगंधा हे गुडघ्याएवढं झुडूप. औषध त्याच्या मुळात. झोप न येणं, मन भडकणं, वेड यांवर ही मुळी उत्तर भारतात आणि बंगाल-बिहारकडे पूर्वापार वापरात होती. 1931 मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातून अल्कलॉइड वेगळी काढली, आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलिन असं नाव दिलं. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि मानसिक आजार या दोन्हींवर मुळीचा उपयोग होतो, असं छापून प्रसिद्ध केलं. पण बाहेरच्या जगाने त्याची दखल घेतली नाही.

ती घ्यायला लावली मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाने. परळच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित असलेल्या रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, नोंदी ठेवल्या, आणि 1949 मध्ये त्यांचा लेख 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला. त्या काळात रक्तदाबावर सहज घेता येईल असं औषध जवळपास नव्हतंच. लेख वाचून अमेरिकेत बोस्टनला चाचण्या सुरू झाल्या. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य कामकरी रसायन शोधून काढलं: रेसर्पिन. वकिलांना 1957 मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्यांचं नाव आपल्या शालेय पुस्तकांत का नाही, हे मला पडलेलं कोडं आहे.

रेसर्पिन नेमकं करतं काय? मज्जातंतूच्या टोकाशी अतिशय बारीक पिशव्या असतात. रक्तवाहिन्या आवळण्याचा निरोप देणारं नॉरअॅड्रिनॅलिन त्यांत भरून ठेवलेलं असतं. घरातली कणगी डोळ्यांसमोर आणा. रेसर्पिन कणगीचं तोंड बांधून टाकतं. नवं धान्य आत जात नाही, बाहेर राहिलेलं उंदीर फस्त करतात, आणि काही दिवसांत घरात दाणा उरत नाही. निरोप द्यायला रसायनच नाही, म्हणून रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. हे घडायला दिवस-आठवडे लागतात, आणि औषध थांबवल्यावरही परिणाम लगेच जात नाही, कारण कणगी पुन्हा भरायला वेळ लागतो.

अडचण अशी, की मेंदूतही अशाच कणग्या असतात. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासीनता आली. मेंदूतली ही रसायनं आणि मनाची अवस्था यांचा संबंध असावा, या विचाराला चालना देणाऱ्या निरीक्षणांपैकी हे एक. म्हणजे एका औषधाच्या दुष्परिणामातून मनोविकारांच्या संशोधनाला एक दिशा मिळाली. पुढे रक्तदाबावर जास्त सोयीची औषधं आली आणि रेसर्पिन मागे पडलं.

आता थोडं गणित. रेसर्पिनची एक गोळी 0.25 मिलिग्रॅमची समजा. तुमच्याकडे सर्पगंधेची दोन ठिकाणांहून आलेली मुळं आहेत. पहिल्यात रेसर्पिन 0.15 टक्के, दुसऱ्यात 0.05 टक्के. दोन्हींची अर्धा-अर्धा ग्रॅम पूड घेतली, तर पहिल्यातून 0.75 मिलिग्रॅम मिळेल, म्हणजे तीन गोळ्या. दुसऱ्यातून 0.25, म्हणजे एक. चमचा तोच, पूड दिसायला तशीच. झाडाचं वय, माती, उपटण्याचा हंगाम, वाळवण्याची पद्धत, यांपैकी कशानेही असा फरक पडू शकतो. राखणीची रसायनं झाड स्वतःच्या गरजेप्रमाणे बनवतं, आपल्या डोसाच्या हिशेबाने बनवत नाही. रसायन वेगळं काढून गोळीत भरण्याचा सगळ्यांत मोठा फायदा हाच, की ते मोजता येतं.

६. नंदुरबार, गोरेगाव आणि नरक्या

वनौषधींच्या पुस्तकांत हमखास भेटणारं हे झाड नव्हे. नरक्या हा सह्याद्रीच्या ओल्या जंगलातला लहानखुरा वृक्ष. फुलांना दुर्गंधी. हळद-अडुळशासारखी घरगुती औषधात ख्याती नाही. सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या जंगलपट्ट्यात मात्र हे नाव आता वनखात्याला चांगलंच ठाऊक आहे, ते चोरट्या तोडीमुळे.

या गोष्टीची सुरुवात नंदुरबारला होते. मनसुख वाणी यांचा जन्म तिथला, 1925 सालचा. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि 1962 पासून नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. कर्करोगाच्या पेशी मारणारं काही झाडांत सापडतं का, हा त्यांचा शोध. चीनमधल्या एका वृक्षातून त्यांनी कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं आणि 1966 मध्ये त्याची रचना जाहीर केली. 1971 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू वृक्षाच्या सालीतलं टॅक्सॉल. आज स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर जगभर वापरलं जाणारं हे औषध. एका माणसाच्या नावावर असे दोन रेणू असणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

पुढचं पाऊल गोरेगावात पडलं. तिथल्या सीबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांना 1972 मध्ये तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यात मिळालं, आणि तेही भरघोस. चीनचा वृक्ष आणि सह्याद्रीतलं हे झाड एका कुळातले नाहीत, तरी दोघांनी राखणीसाठी एकच रेणू बनवावा, हे मला या प्रकरणातलं सगळ्यांत मोठं आश्चर्य वाटतं.

पेशी दोन होण्यापूर्वी डीएनएची नक्कल व्हावी लागते, आणि त्यासाठी त्याचा पीळ सोडवावा लागतो. एक विकर डीएनएचा एक धागा कापतं, पीळ सुटू देतं आणि धागा पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन त्या विकराला सांधण्याच्या क्षणी जखडून ठेवतं. काप तसाच उघडा राहतो आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत विभागत असल्याने त्यांना हा फटका जास्त बसतो. आणि झाडाचं काय? त्याच्याही पेशींत हे विकर असतंच. कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या काही झाडांत शास्त्रज्ञांना असं आढळलं, की त्यांच्या विकरात एक बारीकसा बदल झालेला आहे, ज्यामुळे रसायनाची पकड बसत नाही. स्वतः बनवलेल्या विषापासून झाडाने स्वतःची सोय आधी केली.

आपली तशी सोय झालेली नाही. कॅम्प्टोथेसिनच्या सुरुवातीच्या चाचण्यांत रुग्णांच्या मूत्राशयाला इतकी इजा झाली, की त्या थांबवाव्या लागल्या. रेणूत फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं तयार झाली, आणि 1996 मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. शोध आणि औषध यांच्यात तीस वर्षं गेली. नरक्याचं लाकूड उगाळून कर्करोगावर देण्याचा सल्ला कोणी दिला, तर या तीस वर्षांत काय झालं ते त्याला सांगावं.

७. गुळवेल कोणती?

कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी झाला. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, की वनस्पती नीट ओळखलेली नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी तिची दुसरी जात वापरली गेली असावी. वाद झाला, नंतर देशातल्या इतर केंद्रांमधूनही तसे रुग्ण नोंदवले गेले. आधीच स्वतःच्या यकृतावर शरीराची प्रतिकारशक्ती उलटलेली असेल, तर तिला डिवचणारी वनस्पती त्रास वाढवू शकते, असं डॉक्टरांचं म्हणणं.

आपल्यापुरतं पाहायचं, तर कोणाचंही म्हणणं खरं धरलं तरी ग्राहकाने करायचं ते एकच. ओळख पटल्याशिवाय वेल आणू नये. कोणी तरी कुंपणावरून तोडून दिली, बाजारात जुडी मिळाली, एवढ्याने ती गुळवेल ठरत नाही. यकृताचा जुना आजार असेल, थायरॉइड किंवा तत्सम प्रतिकारशक्तीचा विकार असेल, तर विचारल्याशिवाय घेऊच नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढा त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठावा.

आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर विचारतात, "कोणती औषधं चालू आहेत?" बहुतेक जण गोळ्यांची पाकिटं पुढे करतात आणि काढ्याबद्दल बोलत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. रक्तदाबाच्या गोळीबरोबर सर्पगंधेची वटी चालू असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर कुरकुमिनची कॅप्सूल असेल, तर ते डॉक्टरांना कळायलाच हवं. वैद्यांकडे जाल तेव्हा गोळ्यांची नावं त्यांनाही सांगा. दोघांनाही पूर्ण यादी द्या, आणि काढा, चूर्ण, वटी हे सगळं त्या यादीत लिहा.